महामारीने विद्यापीठांतल्या स्त्री-पुरुष समतेच्या कामाचं काय केलं? वडोदऱ्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान वडोदऱ्यातल्या मराठी मुली, त्यांचे आई-वडील आणि कॉलेजांत शिकवणाऱ्या बायका यांच्यासाठी आहे. रावपुरा, दांडिया बाजार, कारेलीबाग इथल्या घरांतून हेच प्रश्न येत राहतात: कधी हळदीकुंकवाला, कधी प्रवेशाच्या हंगामात, कधी प्रबंधाची शेवटची तारीख डोक्यावर आली की. मी इथे शिकवते, लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या तक्रार समितीचं कामही केलेलं आहे. कायदा आणि आकडे जिथे लागतील तिथे दिले आहेत. मतं माझी आहेत आणि ती ठाम आहेत.

इतकी वर्षं झाली, आता कोविडचं काय उकरून काढायचं?

कारण त्याचा हिशेब अजून मिटलेला नाही. २०१९-२० मध्ये पीएचडीला नाव नोंदवलेल्या मुलींच्या सहा वर्षांच्या मुदती आत्ता संपत आल्या आहेत, काहींच्या संपल्यासुद्धा. त्या दिवसांत ज्यांचे लेख रखडले, त्यांच्या बढतीच्या फायली आत्ता टेबलावर येताहेत. ज्यांचा करार २०२० च्या उन्हाळ्यात पुन्हा झाला नाही, त्यांच्या अनुभवाच्या दाखल्यात खंड पडला तो पडलाच.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला तेव्हा विद्यापीठांत जे काही नियमात लिहिलेलं होतं, त्याला मुदतवाढ मिळाली, परिपत्रकं निघाली, ते कसंबसं चालू राहिलं. जे चार-दोन बायकांच्या तळमळीवर चाललं होतं, ते त्याच आठवड्यात थांबलं. समतेचं बहुतेक काम या दुसऱ्या प्रकारातलं होतं. पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात हे दिसेल.

विद्यापीठात समतेचं काम म्हणजे नक्की काय असतं?

कागदावर पाहिलं तर अंतर्गत तक्रार समिती, महिला कक्ष, स्त्री अभ्यास केंद्र, बाळंतपणाची रजा, पाळणाघर, मुलींची वसतिगृहं, निवड समितीवर एक तरी बाई असण्याचा नियम. नव्या मुलामुलींना पहिल्या महिन्यात या सगळ्याची माहिती देणं हेही त्यातच येतं.

कागदाबाहेरचं काम याहून मोठं आहे. तास संपल्यावर घुटमळणाऱ्या मुलीला "काय गं, काही सांगायचंय का?" असं विचारणारी शिक्षिका. मुलीचं लग्न ठरवायला निघालेल्या वडिलांना फोन करून "काका, एक वर्ष थांबा, तिचं एमएससी होऊ द्या" म्हणणारी वॉर्डन. प्रयोगशाळेत उशीर झाला तर जोडीने फतेहगंजपर्यंत चालत येणाऱ्या मैत्रिणी. या कामाला ना पद, ना तास, ना पगार. ते आवारात चालतं, कारण माणसं तिथे रोज भेटतात. आवाराला कुलूप लागलं आणि हे काम बेपत्ता झालं.

पण वडोदऱ्याला हे सांगायची काय गरज? इथे सयाजीरावांच्या काळापासून मुली शिकतात.

हा वारसा खरा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण लागू केलं, मुलींसकट. महाराणी चिमणाबाई १९२७ साली पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झालं तेव्हा कुलगुरूपदी हंसाबेन मेहता होत्या. संविधान सभेत बसलेल्या पंधरा बायकांपैकी त्या एक, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी. त्या काळी देशात दुसरीकडे कुठे बाई कुलगुरू शोधायला गेलं तर सापडणं कठीण होतं.

मात्र या इतिहासातून आपण चुकीचा धडा घेतो. "आपल्याकडे वातावरणच चांगलं आहे" असं म्हणून थांबतो. महाराजांनी वातावरणावर भिस्त ठेवली नव्हती. त्यांनी कायदा केला, शाळांना पैसा दिला, मुलांना न पाठवणाऱ्या पालकांना दंड ठेवला.

मुलींचं शिक्षण सुटलं म्हणता, पण प्रवेशाचे आकडे तर वाढलेत. मग खरं काय?

दोन्ही खरं आहे. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात २०१९-२० साली मुलींची नोंदणी १.८८ कोटी होती, २०२०-२१ मध्ये २.०१ कोटी झाली आणि २०२१-२२ मध्ये २.०७ कोटी. १८ ते २३ वयाच्या मुलींमध्ये उच्च शिक्षणातल्या नोंदणीचं प्रमाण २८.५ टक्क्यांवर गेलं. ही चांगली गोष्ट आहे आणि ती नाकारण्यात काहीच शहाणपणा नाही.

आता त्या आकड्याच्या आत बघू. सर्वेक्षण पटावरचं नाव मोजतं. ती मुलगी तासाला बसली का, तिचा मोबाइल चालू होता का, प्रॅक्टिकल तिने हाताने केलं की पडद्यावर बघितलं, हे त्यात येत नाही. २०२१ मध्ये गुजरात बोर्डाची बारावीची परीक्षा रद्द झाली, सगळे पास झाले, त्यामुळे कॉलेजच्या दारापर्यंत येणाऱ्यांची संख्याही फुगली. दूरशिक्षणातली नोंदणी २०२०-२१ मध्ये सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. घर, नोकरी, लहान मूल सांभाळणाऱ्या बाईला दूरशिक्षण हा मोठा आधार असतो. पण जिला रोज कॉलेजात यायचं होतं आणि "घरूनच कर की" म्हणून जिची बोळवण झाली, तीही याच आकड्यात बसते.

मोबाइलचंही बोललं पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ३३.३ टक्के बायकांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेलं होतं, पुरुषांमध्ये ते ५७.१ टक्के. घरात एकच चांगला फोन आणि शिकणारी मुलं दोन, अशा वेळी तो कुणाच्या हातात गेला हे मी सांगायला नको. छोटा उदेपूरच्या डोंगरातल्या किंवा नंदुरबारकडच्या गावी परतलेल्या मुलींना तर रेंजसाठी घरापासून लांब जावं लागे, आणि तरण्या मुलीला एकटीला माळावर बसू द्यायला घरचे तयार नसत. त्यात पन्नास माणसांत लग्न उरकायची परवानगी निघाली. हॉल नको, पंगती नकोत, खर्च वाचला. शेवटच्या वर्षाला असलेल्या किती मुलींची लग्नं त्या काळात लागली, हे आमच्या वर्गांच्या हजेरीपटाला ठाऊक आहे. पटावर त्या अजून "नोंदणीकृत" होत्या.

घरून काम म्हणजे बायकांच्या सोयीचंच ना? जाण्यायेण्याचा वेळ वाचला, मुलं डोळ्यांसमोर राहिली.

वेळ वाचला, पण तो तिच्या हाती आला नाही. महामारीच्या आधीच्याच वर्षी, २०१९ मध्ये, राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने लोकांच्या वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची ९७. शिवाय घरकामाला हात लावणारे पुरुष मुळात २६ टक्केच होते, बायका ८१ टक्के. ही शाळा, पाळणाघरं आणि कामवाल्या मावशी चालू असतानाची स्थिती. मार्च २०२० मध्ये हे तिन्ही एकदम बंद झालं.

मग चित्र असं झालं: सकाळी नऊला ऑनलाइन तास. त्याआधी सगळ्यांचा चहा-नाश्ता, सासऱ्यांची औषधं, धाकट्याला शाळेच्या लिंकवर बसवणं. तास चालू असताना कुकरची शिट्टी. माइक बंद करून "अहो, गॅस घालवा" म्हणायचं आणि पुन्हा माइक चालू. नवराही प्राध्यापक असला तरी खोलीचं दार त्याचं बंद होई, तिचं उघडं राही.

हे दार ज्या घरांत दोघांनी आळीपाळीने बंद केलं, त्या घरांतल्या शिक्षिकांचं काम टिकलं. मी अशी घरं पाहिली आहेत, त्यामुळे हे होऊच शकत नाही असं मी म्हणणार नाही.

संशोधनावर परिणाम झाला याला पुरावा काय?

पहिल्या लाटेतला एक मोठा अभ्यास एल्सव्हिअर प्रकाशनाच्या २,३२९ नियतकालिकांचा आहे. तो २०२१ मध्ये 'प्लॉस वन' या संशोधन नियतकालिकात आला. २०२० च्या फेब्रुवारी ते मे या काळात लेख पाठवण्याचं प्रमाण एकूण वाढलं, पण बायकांचं वाढलं ते पुरुषांपेक्षा कमी. तरुण वयाच्या संशोधिकांमध्ये ही दरी जास्त होती, आणि आरोग्य व वैद्यक या क्षेत्रांत ती ठळक दिसली. म्हणजे ज्या विषयावर जगाचं लक्ष होतं, नेमक्या त्याच विषयात त्यांचा आवाज मागे पडला.

त्याच सुमारास अमेरिका आणि युरोपातल्या साडेचार हजार शास्त्रज्ञांची पाहणी 'नेचर ह्यूमन बिहेवियर' या नियतकालिकात आली. बाकी गोष्टी सारख्या धरल्या तर बायकांचा संशोधनाचा वेळ पुरुषांपेक्षा ५ टक्क्यांनी जास्त घटला होता. पाच वर्षांखालचं मूल घरात असलेल्यांचा मात्र १७ टक्क्यांनी जास्त. हा दुसरा आकडा मला मोलाचा वाटतो. लहान मूल सांभाळणारा बापही मागे पडला. फरक इतकाच की आपल्याकडे मूल सांभाळणारा बाप विरळा.

या अभ्यासांत एक काम मोजलेलं नाही. घाबरलेली, रडवेली विद्यार्थिनी रात्री साडेदहाला फोन करते तो कुणाला? ज्यांना फोन आले त्या सगळ्या शिक्षिका हे उत्तर जाणतात. बढतीच्या अर्जात या कामासाठी रकाना नाही.

मुदतवाढ तर सगळ्यांनाच मिळाली. मग तक्रार कसली?

विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रबंध सादर करायची मुदत सहा-सहा महिन्यांनी वाढवत ३० जून २०२२ पर्यंत नेली. विद्यापीठात सहायक प्राध्यापक होण्यासाठी पीएचडी सक्तीची करायची तारीखही १ जुलै २०२१ वरून १ जुलै २०२३ वर ढकलली. हे योग्यच झालं, आणि नियमात असलेली गोष्ट कशी वाचते याचं हे उदाहरण आहे.

पण मुदत वाढली तरी फेलोशिप पाच वर्षांचीच राहिली. वेळ मिळाला, पैसा थांबला. ज्या घरात मुलीची फेलोशिप हेच तिच्या शिकण्याचं समर्थन होतं, तिथे "आता पैसेही येत नाहीत, मग कशाला?" हा प्रश्न लगेच उभा राहिला.

सगळ्यांना सारखी सवलत देण्यातला धोका महामारीच्याही आधी दिसलेला होता. अमेरिकेतल्या अर्थशास्त्राच्या अग्रगण्य विभागांवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. मूल झालं की आई आणि बाप दोघांनाही नोकरीत कायम होण्यासाठी एक वर्ष जास्त द्यायचं, असा नियम तिथे होता. परिणाम असा की पुरुषांचं कायम होण्याचं प्रमाण वाढलं आणि बायकांचं घटलं, कारण जादाच्या वर्षात पुरुषांनी लेख लिहिले आणि बायकांनी बाळाला वाढवलं. कोविडमध्ये अनेक परदेशी विद्यापीठांनी सरसकट एक वर्ष वाढवलं तेव्हा जाणकारांनी याच अभ्यासाकडे बोट दाखवलं. काही ठिकाणी मग अर्जासोबत "महामारीत माझ्या कामावर काय परिणाम झाला" असं टिपण जोडायची सोय केली. आपल्याकडच्या निवड समित्यांनाही हे सहज करता येण्याजोगं आहे.

माझी पीएचडी अजून अपुरी आहे. नियमात मला काय मिळतं?

आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. पुनर्नोंदणी करून आणखी दोन. बायकांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्याशिवाय दोन वर्षं, मात्र एकूण दहाच्या वर जाता येत नाही. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. तुमची नोंदणी २०१६ च्या नियमांखाली असली तरी जादा दोन वर्षं आणि २४० दिवसांची रजा त्यातही आहे. गाइडला तोंडी विचारून थांबू नका. अर्ज लेखी द्या आणि आवक क्रमांक घ्या.

बीए-एमए करणाऱ्या विवाहित मुलींसाठी: आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठांना पत्र पाठवून पदवी आणि पदव्युत्तर वर्गांतल्या विद्यार्थिनींनाही प्रसूती रजा, हजेरीत सूट यांचे नियम करायला सांगितलं आहे. बहुतेक कॉलेजांत हे पत्र कुणी वाचलेलंच नसतं. प्रत काढून सोबत न्या.

तक्रार समित्या त्या काळात बंद होत्या का?

कायद्याने बंद होऊ शकत नव्हत्या, प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी होत्या. हे जरा सविस्तर सांगते, कारण इथे सर्वाधिक नुकसान झालं.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आणि त्याला धरून आलेले आयोगाचे २०१५ चे विनियम यांनुसार समितीची अध्यक्ष ज्येष्ठ शिक्षिका असते. दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, बाहेरच्या संस्थेतली एक व्यक्ती, आणि प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर तीन निवडून आलेले विद्यार्थी प्रतिनिधी. निम्म्याहून कमी बायका असून चालत नाही. मुदत तीन वर्षं. आता २०२० मध्ये काय झालं बघा. कुठे समितीची तीन वर्षं भरली, नवी नेमायला बैठक झाली नाही. विद्यार्थी आवारातच नाहीत, मग प्रतिनिधींची निवडणूक कशी होणार? बाहेरच्या सदस्य आपल्या संस्थेच्या धान्यवाटपात गुंतलेल्या. समितीचा ईमेल पत्ता सूचना फलकावर होता, आणि फलक बंद इमारतीत.

सुनावणी व्हिडिओवर घ्यायचं ठरलं तरी प्रश्न सुटत नव्हता. तक्रार करणारी मुलगी आपल्या माजघरात बसलेली, बाजूला आजी, दाराआड भाऊ. काय झालं ते ती कशी सांगणार? घरच्यांना कळलं तर कॉलेजच बंद होईल, ही भीती आम्हाला कितीतरी मुलींनी बोलून दाखवली. कायद्यात गोपनीयता पाळायचं बंधन आहे, पण दोन खोल्यांच्या घरात ती पाळणार कोण? अशा वेळी लेखी जबाब मागवणं, प्रश्न लेखी पाठवणं, मुलीला जवळच्या एखाद्या शिक्षिकेच्या घरून जोडणं हे मार्ग होते. ज्या समित्यांनी ते वापरले त्यांची कामं झाली.

घाईही तितकीच वाईट. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणाची २००९ ची चौकशी घाईत उरकली गेली, आरोपी प्राध्यापकाला बाजू मांडायला पुरेसा अवसर दिला नाही, म्हणून १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द करून प्रकरण पुन्हा चौकशीसाठी पाठवलं. इतक्या वर्षांनी! त्याच निकालात, कायदा येऊन दशक झालं तरी त्याच्या अंमलबजावणीत गंभीर त्रुटी आहेत असं न्यायालयाने म्हटलं आणि समित्या खरोखर नेमल्या आहेत का हे तपासायला सांगितलं. तेव्हा समिती चालू असणं आणि नीट शिकवलेली असणं, दोन्ही हवं.

ऑनलाइन तासाला किंवा वॉट्सअॅपवर झालेला त्रास "आवाराबाहेरचा" म्हणून टाळता येतो का?

नाही. अभ्यासाच्या किंवा कामाच्या निमित्ताने जो संबंध येतो तो समितीच्या कक्षेत येतो. सहलीची बस येते, तसा गाइडचा रात्री एकचा मेसेजही येतो. राजस्थान उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये एका बँकेच्या प्रकरणात, दोन कर्मचारी वेगवेगळ्या राज्यांत असले तरी डिजिटल माध्यमातलं कामाचं ठिकाण एकच धरावं, असा कौल दिला आहे. स्क्रीनशॉट जपून ठेवा, मूळ मेसेज पुसू नका, फोन बदलला तर जुना विकू नका. पाठलाग आणि चोरून चित्रण हे भारतीय न्याय संहितेखाली स्वतंत्र गुन्हेही आहेत, त्यामुळे समितीबरोबर पोलिसांकडेही जाता येतं. समितीकडे गेलात म्हणून तो रस्ता बंद होत नाही.

समितीकडे तक्रार करायची तीन महिन्यांची मुदत उलटून गेली असेल तर?

घटनेपासून, किंवा घटना वारंवार होत असतील तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिने. कारण नोंदवून समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. फेब्रुवारी २०२० मध्ये त्रास झालेल्या मुलीची पहिली मुदत मे महिन्यात, घरात कोंडलेल्या अवस्थेत संपली. समितीने वाढीव मुदत आपणहून जाहीर करायला हवी होती. तसं करणारी ठिकाणं फार थोडी.

मुलींची वसतिगृहं रिकामी केली ती आजारासाठी. त्याचा समतेशी काय संबंध?

वसतिगृहाची खोली ही कित्येक मुलींच्या आयुष्यातली पहिली स्वतःची जागा असते. तिथे कुणी पाणी मागत नाही, कुणी पाहुणे आले म्हणून उठवत नाही. मार्च २०२० मध्ये आजाराला आळा घालायला ती रिकामी करणं भागच होतं. पुढे वर्ग सुरू झाले तेव्हा मुलगे शहरात खोली भाड्याने घेऊन राहिले. मुलींना त्यांच्या घरच्यांनी "वसतिगृह उघडेल तेव्हा जा" म्हणून थांबवलं. ग्रंथालय, प्रयोगशाळा, गाइडची भेट या सगळ्याला त्या तितके महिने मागे पडल्या. पुन्हा असा प्रसंग आला तर मुलींची वसतिगृहं, निदान संशोधक मुलींपुरती, सगळ्यात आधी उघडली पाहिजेत.

हंगामी शिक्षिकांचं काय झालं?

अकरा महिन्यांच्या करारावर किंवा तासांवर काम करणाऱ्यांत बायका खूप आहेत. तास नाहीत म्हणून पैसे नाहीत, असा सरळ हिशेब बऱ्याच ठिकाणी लावला गेला. त्याच काळात ज्यांना दिवस गेले, त्यांना "करार संपतोय, रजा कशाची?" हे उत्तर मिळालं. अशा मैत्रिणींनी सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२३ चा निकाल वाचावा. एका कंत्राटी डॉक्टरच्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की प्रसूती लाभ कराराच्या मुदतीबरोबर संपत नाहीत, त्यापुढेही चालू राहतात. कायद्यातली रजा २६ आठवड्यांची आहे. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. या निकालाचा आधार घेऊन अर्ज करा, एकटीने करण्यापेक्षा चौघींनी मिळून.

काहीच चांगलं झालं नाही का?

झालं. आणि ते परत काढून घेतलं जातंय, याचं मला वाईट वाटतं. तान्ह्या बाळाची आई दिल्ली-बंगळुरूच्या परिषदेत घरून निबंध वाचू शकली. आयोगाने एप्रिल २०२० मध्ये पीएचडीची मौखिक परीक्षा व्हिडिओवर घ्यायला परवानगी दिली, ती सोय २०२२ च्या नियमांतही राहिली. व्याख्यानांची ध्वनिमुद्रणं मिळू लागली, त्यामुळे पाळीच्या दिवसांत किंवा घरच्या आजारपणात सुटलेला तास भरून काढता आला. आता पुष्कळ विभागांनी हे सगळं बंद केलंय, "प्रत्यक्ष यायलाच हवं" म्हणून. प्रत्यक्ष येण्याचं महत्त्व मला मान्य आहे, मी वर त्याचंच रडगाणं गायलं. पण दोन्ही सोयी ठेवायला खर्च किती येतो?

केंद्र सरकारची 'गती' योजना होती ना? तिचं काय झालं?

विज्ञान संस्थांनी स्त्री-पुरुष समतेबाबत स्वतःची तपासणी करावी, अशी ही योजना २८ फेब्रुवारी २०२०च्या राष्ट्रीय विज्ञान दिनी जाहीर झाली. ब्रिटनमध्ये २००५ पासून चालणाऱ्या 'अथेना स्वान' सनदेच्या धर्तीवर ती बेतलेली आहे. त्या वर्षीच्या विज्ञान दिनाचा विषयच विज्ञानातल्या स्त्रिया हा होता. चार आठवड्यांच्या आत देश बंद झाला. तरीही पहिल्या टप्प्यात तीस संस्था निवडल्या गेल्या आणि काम सुरू झालं, कारण योजनेला खातं होतं, निधी होता, जबाबदार माणसं होती. कला, वाणिज्य, कायदा या शाखांसाठी असं काही नाही, आणि आपल्या बहुतेक मुली तिथेच शिकतात.

आमच्या कॉलेजकडे आत्ता काय मागायचं?

समितीच्या सदस्यांची नावं आणि मुदत संकेतस्थळावर. आवार बंद झालं तर समिती कशी चालेल याचा लेखी आराखडा. महिला कक्षाच्या कामाला तासांमध्ये हिशेब, म्हणजे तो सांभाळणाऱ्या शिक्षिकेचे दोन तास कमी. निवड आणि बढतीच्या अर्जात २०२०-२२ बद्दल टिपण जोडायची मुभा. पाळणाघर. यातलं पहिलं उद्याच होण्यासारखं आहे, त्यामुळे सुरुवात त्याने करा आणि मागणी लेखी करा. तोंडी आश्वासन देणारे प्राचार्य बदलतात.

मुलगी घरी काही सांगत नाही. आम्ही आई-वडिलांनी काय करायचं?

आधी तिला एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगा: "काहीही झालं असलं तरी तुझं कॉलेज बंद होणार नाही." मुली गप्प राहतात त्या बहुतेक वेळा याच भीतीने. मग तिला तिचा फोन आणि दार लावून बसता येईल अशी वेळ द्या. तिने काही सांगितलं तर लगेच कॉलेजात धडकू नका. तिला काय हवं आहे ते विचारा आणि तारखा लिहून ठेवा. तातडीची गरज असेल तर गुजरातमध्ये १८१ वर अभयम् ही हेल्पलाइन रात्रंदिवस चालते, ऑनलाइन छळ किंवा फसवणूक असेल तर १९३० वर फोन करा, आणि जिवाला धोका वाटला तर ११२. हे तीन आकडे तिच्या फोनमध्ये तिच्या समोर बसून टाका, म्हणजे तुम्ही तिच्या बाजूने आहात हे तिला तेव्हाच कळेल.